दोन नंबरांची सायकल

जुनी वस्तू ओळखणे आणि जुन्या वस्तूची किंमत करणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि दोन्ही आमच्या अभ्यासक्रमात नाहीत. बी. ए. ला इतिहास घेतलेल्या मुलाला शिलालेखाचा काळ कसा ठरवतात हे प्रश्नपत्रिकेपुरते ठाऊक असते. पण घरच्या गोठ्यात उभी असलेली सायकल कोणत्या काळातली, असे विचारले की तो गप्प. तरीही कॉलेजात जाणाऱ्याला सगळेच कळते अशी आमच्या नातेवाईक मंडळींची ठाम समजूत आहे. या समजुतीपायीच २०२४ च्या मे महिन्यात दारव्हा तालुक्यातल्या माझ्या मामांचा निरोप आला : "सायकलचा भाव काढाचा हाय. दोन दिवस ये."

सायकल साधी असती तर मामांनी मला बोलावले नसते. तिला दोन सीटा आहेत, दोन हँडले आहेत, चार पायडले आहेत, आणि चाके मात्र दोनच. इंग्रजीत हिला टँडेम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'अखेरीस, बऱ्याच काळाने' असा. इंग्रजांनी त्यावर कोटी करून तो एकापुढे एक घोडे जुंपलेल्या लांबलचक गाडीला लावला, आणि घोडागाडीवरून तो सायकलीवर आला. डॅन अल्बोन नावाच्या इंग्रज कारागिराने १८८६ च्या सुमारास अशी सायकल घडवली. पुढे १८९२ मध्ये हॅरी डॅकर याने दोघांच्या सायकलीवर रचलेले गाणे इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पोहोचले. ऑलिंपिकमध्ये तर १९७२ पर्यंत हिच्या शर्यती होत असत. एवढी प्रतिष्ठा असलेली ही वस्तू आमच्या मामांच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे उभी होती. गावात तिला जोडसायकल म्हणत; पोरेसोरे आगगाडी म्हणत.

आपल्याकडे दोघांनी एका सायकलवर बसण्याची रीत जुनीच आहे. तिचे नाव डबलसीट. एक जण पायडल मारतो, दुसरा कॅरिअरवर किंवा पुढच्या दांडीवर बसून गप्पा मारतो, आणि चौकात पोलीस दिसला की दुसरा उडी मारतो. जोडसायकलीचा मामला वेगळा. तीत फुकट बसण्याची सोय नाही. दोन्ही पायडले साखळीने एकमेकांना बांधलेली असतात. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरणारच. मात्र हँडल वळवणे आणि ब्रेक लावणे हे पुढच्याच्याच हाती. मागच्याने जोर द्यायचा आणि विश्वास ठेवायचा. इंग्रज सायकलवाले या मागच्या माणसाला स्टोकर म्हणतात, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. आमच्या यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते, त्यामुळे या भागातल्या म्हाताऱ्यांना तरी ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

आता या सायकलीचा भाव काढण्याची वेळ का आली ते सांगतो. पेरणी तोंडावर होती. आदल्या हंगामात कापसाने मामांना हात दिला नव्हता. त्यातच जुन्या वस्तू गोळा करणारा एक व्यापारी गावात येऊन पितळी भांडी, घड्याळे, ग्रामोफोन पाहून गेला होता. जाता जाता त्याने गोठ्यात डोकावले आणि सायकलीचे आठ हजार रुपये सांगितले. मामा चपापले. न मागता आठ हजार देतो, त्या अर्थी वस्तू लाखाची असली पाहिजे, हे त्यांचे गणित. गावातल्या एकाने मोबाइलवर विलायतेतल्या कुठल्याशा जोडसायकलीचे चित्र दाखवून त्या गणिताला दुजोराही दिला.

शिवाय मामांच्या घरी या सायकलीची एक कथा होती. ती म्हणे यवतमाळच्या मिशनमधल्या गोऱ्या साहेबाची. साहेब आणि मडम तिच्यावरून फिरत. विलायतेला परत जाताना त्यांनी ती माझ्या आबाजींना, म्हणजे आईच्या वडिलांना, दिली. कथा अगदीच अशक्य नव्हती. यवतमाळात फ्री मेथॉडिस्ट मिशनची वस्ती जुनी आहे, आणि १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरीही इथेच होती. गोरे लोक इथे राहत होते, सायकली वापरत होते, जाताना सामान वाटून जात होते. पण आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या बंदुकीमागे, घड्याळामागे आणि सायकलीमागे एक साहेब उभा असतो, हेही खरे. साहेबाची साक्ष मी मनातल्या मनात बाजूला ठेवली.

सायकल ओळखायची म्हणजे तिच्यावरचे नाव वाचायचे, असे कोणालाही वाटेल. ते तितके सोपे नाही. हँडलखालच्या नळीवर कंपनीचा पत्रा असतो. बगळ्याचे डोके असेल तर रॅले. एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका असतील तर बीएसए, कारण ती मुळात बंदुकांची कंपनी. आणि पायडलाच्या मोठ्या दातेरी चक्रात उघडा पंजा कोरलेला असेल तर ती रज. पण ही नावे सायकलीबरोबर इंग्लंडहून आली आणि मग इथेच राहिली. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस तिकडे बनू लागली. रॅलेने आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना काढला. तेव्हा हर्क्युलिस म्हटली की ती बर्मिंगहॅमची असेल किंवा मद्रासची. नाव एकच, पण भावात जमीनअस्मानाचे अंतर. नंतर सोनीपतची ॲटलस आली, लुधियानाची हीरो आली आणि विलायती नावांची चमक हळूहळू उतरली. (त्या ॲटलसचाही शेवटचा कारखाना बंद पडला तो २०२० मध्ये, ३ जूनला. तो जागतिक सायकल दिन होता. असो.)

मामांच्या सायकलीवर पत्रा होता. रॉकेलच्या बोळ्याने घासल्यावर बगळा दिसला आणि त्याखाली नॉटिंगहॅम, इंग्लंड ही अक्षरे वाचता आली. मामांचा चेहरा उजळला. पुढची सीट ब्रूक्सची निघाली, चामड्याची, बर्मिंगहॅमची. चामडे वाळले होते पण चिरलेले नव्हते. दिवा ल्यूकासचा. मामी चहा घेऊन आल्या त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "म्हंजे लाख तं खरेच का जी?"

मी म्हटले, "मामी, अजून नंबर पाहायचा आहे."

फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर ठोकलेला असतो, निदान रॅलेचा तरी तिथे सापडतो. रंगाचे थर खरवडल्यावर पुढच्या सीटखाली एक नंबर निघाला. काही सुचत नव्हते म्हणून मागच्या सीटखालीही खरवडले. तिथेही नंबर निघाला. तो वेगळा होता, आकड्यांचा ठसाही वेगळा.

एका माणसाला दोन जन्मपत्रिका असाव्यात तसे हे झाले. यापुढचे माझ्या आवाक्यातले नव्हते. सायकल ऑटोत मावेना, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही ती दारव्ह्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पन्नास वर्षे त्यांनी पंक्चर काढण्यात, चाकांचा आऊट काढण्यात आणि पोरांना तासाच्या भाड्याने सायकली देण्यात घालवली आहेत. दुकान अजून आहे. भाड्याच्या सायकली मात्र केव्हाच गेल्या.

चाचांनी पत्रा पाहिला नाही, नंबरही पाहिले नाहीत. ते सायकलीभोवती एक फेरी मारून खाली बसले आणि बोटाने नळ्या चाचपू लागले. पुढच्या सीटची उभी नळी आणि तिला मागून येऊन मिळालेल्या दोन आडव्या नळ्या, या जोडापाशी त्यांचे बोट थांबले. रंगाखाली पितळेची झाळ होती. कारखान्यातल्या जोडावर असते तसे नक्षीचे टोपण नव्हते.

"ही सायकल नाई," चाचा म्हणाले, "ह्या दोन सायकली हायेत."

मग त्यांनी सिद्धच करून दाखवले. दोन्ही पायडलांचे आस उघडले. छर्रे काढून रॉकेलात टाकले. आसाच्या दोन्ही बाजूंना आट्यांची वाटी असते, ती काढली. पेटीतून आपल्याकडच्या सायकलींची नेहमीची वाटी घेतली आणि मागच्या भोकात फिरवली. ती लोण्यात बोट जावे तशी गेली. तीच पुढच्या भोकात लावली तर एका आट्यातच अडली. चाचांनी जोर केला नाही. "रॅलेचे आटे बारीक. ह्या वाटीले ते घेत नाई," एवढेच म्हणाले. पुढे मी वाचून पाहिले, तर चाचांचे बरोबरच होते : सर्वसाधारण इंग्रजी मापात इंचाला २४ आटे असतात आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेत २६. म्हणजे पुढची निम्मी सायकल नॉटिंगहॅमची आणि मागची निम्मी कुठलीतरी हर्क्युलिससारखी देशी. मागच्या सायकलीचा चिमटा आणि हँडलाची नळी कापून टाकून तिचे उरलेले अंग पुढच्या सायकलीच्या पाठीला जोडले होते.

मामांच्या तोंडाकडे पाहवेना. साहेब, मडम आणि लाख रुपये, तिघेही एकदमच निघून गेले होते.

पण चाचा थांबले नव्हते. त्यांना आता सायकलीत रस आला होता. ते एकेक वस्तू दाखवू लागले. आपल्याकडच्या सायकलींना पुढच्या चाकात बत्तीस तारा आणि मागच्यात चाळीस, ही जुनी इंग्रजी रीत. हिच्या दोन्ही चाकांत चाळीस होत्या. ज्याने सायकल बांधली त्याने दोन माणसांचे वजन ध्यानात घेऊन पुढेही मागचे चाक घातले होते. पुढच्या चिमट्याला आतून लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या. कारखान्यातल्या जोडसायकलीत दोन पायडलांमधली साखळी ताणून धरण्यासाठी पुढचा आस थोडा पुढेमागे सरकवता येतो. इथे ती सोय कुठून असणार? म्हणून साखळीखाली स्प्रिंगवर एक छोटी घडीव चकती बसवली होती. ती साखळीला खालून दाबून धरत होती. चाचांनी ती चकती काढून तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, नखाने तिची कड तपासली.

"हा सायकलवाल्याचा हात नाई. सायकलवाला असा खराद मारत नाई. हा जिनातल्या फिटरचा हात हाय."

मामा एकदम म्हणाले, "बाबा जिनातच तं होते! कापसाच्या काट्यावर!"

आबाजी एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाची वही लिहीत, हे मला माहीत होते. पण ती गोष्ट या सायकलीशी कोणी कधी जोडली नव्हती. सीटखाली तारेने बांधलेला नगरपालिकेचा एक बिल्लाही निघाला. त्या काळी सायकलीवर कर असे, आणि कर भरला की वर्षाचा आकडा ठोकलेला बिल्ला मिळे. तो नसला की दंड. त्यावर ६६–६७ एवढे वाचता येत होते. म्हणजे निदान तोवर तरी सायकल रस्त्यावर होती, आणि तेव्हा आबाजी जिनात होते. विलायती साहेबाची जागा जिनातल्या एका फिटरने घेतली. त्याचे नाव कुणालाच आठवत नाही.

दोघांची सायकल आबाजींना कशाला हवी होती, हे मात्र सांगायला मिस्त्री लागला नाही. आबाजींचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबाजी म्हणतो, लहानपणी देवीच्या साथीत आंधळे झाले होते. ते खंजिरी वाजवत आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणत. सप्ताह असो, पुण्यतिथी असो, गावोगावी त्यांना बोलावणे असे, आणि धाकटा भाऊ त्यांना घेऊन जाई. मी विचारले, "मग कॅरिअरवर का नाही बसवले?" मामा म्हणाले, "मोठे बाबा बसत नोहते ना! मी काय पोतं हावो का, म्हनत."

हे ऐकल्यावर आम्ही सायकल पुन्हा पाहिली. मागच्या पायडलांचे रबर पुढच्यांइतकेच झिजले होते. मोठ्या आबाजींनी फुकट प्रवास केलेला नव्हता. मागचे हँडल वळत नाही, ते पुढच्या सीटच्या नळीला घट्ट बसवलेले आहे. दोन्ही मुठींपाशी त्याचे निकल पार उडून लोखंड दिसते. त्याला एक आकडा आहे, तो खंजिरी अडकवायला. ब्रेक अर्थातच पुढे. आणि घंटी मागे! घंटी मागे असलेली सायकल चाचांनीही पाहिली नव्हती. मामांना आठवत होते : समोरून बैलगाडी येत असली की तिच्या बैलांच्या घागऱ्या मोठ्या बाबांना आधी ऐकू येत, आणि आबाजींना वळणापलीकडचे काही दिसायच्या आत मागून घंटी वाजे.

आज जगभर अंध माणसे जोडसायकलीवर मागे बसून पॅरालिंपिकमध्ये शर्यती करतात. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा अंध आहेत. २०१६ मध्ये ते मनालीहून खारदुंग लाच्या खिंडीपर्यंत जोडसायकलीवर गेले. हे वाचले तेव्हा मला त्यांचे कौतुक वाटलेच. पण दारव्ह्याच्या जिनातल्या त्या फिटरला हीच गोष्ट साठ वर्षांपूर्वी सुचली होती, याचे जरा जास्त वाटले. त्याने जोडसायकल कुठे पाहिली असेल? एखाद्या चित्रात पाहिली असेल, यवतमाळच्या रस्त्यावर खरोखरच एखाद्या साहेबाची पाहिली असेल. घरच्या कथेत साहेबाला एवढी जागा ठेवायला माझी हरकत नाही.

तर भाव. चाचांनी तो बोटांवर मोजून दाखवला. भंगारात घातली तर चौतीस-पस्तीस किलो लोखंड, हजार-अकराशे रुपये. संग्राहकाला विकायची तर त्याला अस्सल माल लागतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे, २०१७ मध्ये ते खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकलसुद्धा तिथे पाहायला मिळते. हौशी संग्राहकाची दृष्टी साधारण अशी असते : एका कारखान्याची, एका काळाची, शक्य तो मूळ रंगातली सायकल. आमची सायकल दोन कारखान्यांची, तीन रंगांची आणि चौथ्याच माणसाच्या हातची. जोडसायकल म्हणून तिला लाख देणारा भेटणे कठीणच. पण ब्रूक्सची सीट, ल्यूकासचा दिवा, रॅलेचे बगळ्यांचे चक्र आणि पत्रा, यांना सुटेसुटे गिऱ्हाईक आहे. ज्याच्याकडे अस्सल रॅले आहे आणि सीट नाही, तो सीटला तीन हजार सहज देतो. चाचांची सगळी बेरीज आठ-नऊ हजारांवर गेली.

म्हणजे व्यापारी लबाड नव्हता. त्याने भाव बरोबर सांगितला होता. फक्त तो सायकलीचा नव्हता, तिच्या तुकड्यांचा होता. आठ हजार देऊन त्याने ती नेली असती, आणि उरलेली फ्रेम त्याच दिवशी भंगारात गेली असती. पुढच्या निम्म्या सायकलीला किंमत होती, मागच्या निम्मीला नव्हती. मोठ्या आबाजींची बाजू बाजारात शून्य होती.

माझे मत विचारले असते तर मी काहीतरी भावनेचे बोललो असतो. कॉलेजात शिकणाऱ्याला ते परवडते. मामांना चौदा दिवसांत पेरायचे होते. ते बराच वेळ चाचांच्या बाकड्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "चाचा, तिले चालती तं करा. मंग पाहू."

चाचांनी दोन दिवस घेतले. छर्रे नवे, दोन साखळ्या धुऊन, ट्यूबा नव्या, चाकांचा आऊट काढून. सायकलची परीक्षा चालवल्याशिवाय होत नाही, म्हणून मामा पुढे बसले आणि मी मागे. मागे बसलेल्याला मामांच्या सदऱ्याच्या शिवणीखेरीज काही दिसत नाही. ब्रेक नाही, हँडल हलत नाही. खड्डा आल्यावर कळतो. पहिला फर्लांगभर माझे पाय आणि मामांचे पाय एकमेकांशी भांडत होते. मग जमले. चकती साखळीला दाबून धरत होती, कुठे खडखड नव्हती. उतारावर मामा ओरडले, "घंटी वाजव बे, घंटी!" समोर कोणीही नव्हते.

व्यापारी ठरल्या दिवशी आला. मामांनी त्याच्यासमोर फक्त सीट आणि दिवा ठेवला. तो म्हणाला, पूर्ण द्या, साडेआठ देतो. मामी दारातून म्हणाल्या, "पुरी नाई इकाची." अर्धा तास घासाघीस होऊन सीट आणि दिव्याचे मिळून साडेपाच हजार ठरले. बगळ्याचा पत्रा त्याने तीनदा मागितला. मामांनी दिला नाही. तो नॉटिंगहॅमचा असला तरी आता घरचा आहे, असे काहीसे ते पुटपुटले. पुढच्या नळीवर चाचांनी साधी देशी सीट बसवली. चाचांचे बिल सातशे झाले. त्या हंगामात कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाला सरकारने ८६४ रुपये ठरवून दिले होते. उरलेल्या पैशांत पाच पाकिटे आली, आणि सहाव्याला कमी पडले ते मामींनी डब्यातून काढून दिले.